भिडे मास्तरांच्या घरखर्चाची पैसेवारी

अमरावती जिल्ह्यातील आमच्या भातकुलीत शेजारच्या घरी रात्रीचे साडेआठ वाजले म्हणजे वेचणीने बोटे चिरलेल्या बाया, सोयाबीनच्या भावाची चर्चा अर्ध्यावर टाकून आलेले म्हातारे आणि गृहपाठ चुकवायला निमित्त शोधणारी पोरे एकाच सतरंजीवर बसून ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ पाहतात, आणि त्या सभेतील सर्वांत वयोवृद्ध सभासद, म्हणजे त्या घरची आजी, जिला हिंदी पुरतेपणी कळत नाही पण माणसे बरोबर कळतात, तिने गेल्या श्रावणात एके रात्री, आत्माराम तुकाराम भिडे हातात नोटीस घेऊन सोसायटीच्या फलकाकडे निघाले असताना, सर्वांना उद्देशून एक प्रश्न टाकला: “हा मास्तर दिवसभर नोटिसाच लिवते, मंग ह्याचं घर चालते कशावर बाप्पा?”

प्रश्नाला उत्तर आले नाही, कारण तेवढ्यात जाहिराती सुरू झाल्या. परंतु मी उभी हयात महसुली दफ्तरात घालवली असून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आहे, आणि दुसऱ्याच्या उत्पन्नाचा अदमास बांधणे हीच ज्याची आयुष्यभराची उपजीविका होती, त्या माणसासमोर असा प्रश्न टाकणे म्हणजे विझत आलेल्या चुलीवर फुंकर घालणे होय. मी त्याच रात्री एक जुनी वही काढली, पहिल्या पानावर ‘मौजे गोकुळधाम, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर’ असा मथळा लिहिला आणि भिडे मास्तरांच्या संसाराची पाहणी करण्यास प्रारंभ केला.

ज्या थोड्या वाचकांच्या घरी दूरचित्रवाणी नाही, किंवा आहे पण मान्य करण्याची लाज वाटते, त्यांच्या माहितीसाठी थोडा तपशील दिला पाहिजे. तारक मेहता हे गुजराती विनोदकार. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून त्यांचे ‘दुनिया ने ऊंधा चश्मा’ हे सदर चालले, आणि त्यावर बेतलेली ही हिंदी मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू होऊन चार हजारांहून अधिक भाग झाले तरी संपण्याचे लक्षण दाखवीत नाही. तिच्यातील गोकुळधाम सोसायटी गोरेगाव पूर्वेला, फिल्मसिटी रोडवरील पावडर गल्लीत आहे, असे सांगितले जाते. तेथे एका मराठी बिऱ्हाडात आत्माराम भिडे, पत्नी माधवी आणि कन्या सोनू राहतात. भिडे घरी शिकवण्या घेतात, सोसायटीचे ‘एकमेव सेक्रेटरी’ म्हणून मिरवतात, ‘सखाराम’ नावाच्या जुनाट स्कूटरवर जिवापाड प्रेम करतात, दर दोन वाक्यांनंतर आपल्या जमान्याची आठवण काढतात आणि देखभालीचा धनादेश वेळेवर न देणाऱ्या शेजारी जेठालालशी हुज्जत घालतात. माधवीताई लोणची-पापड करून विकतात. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी यांनी ही दोन माणसे इतक्या वर्षांत अशी वठवली आहेत की, भातकुलीच्या बाजारात एखादा मनुष्य चार आण्यांसाठी घासाघीस करू लागला तर त्याला लोक ‘भिडे’ म्हणतात.

चार हजार भागांत काटकसरीचे विनोद शेकड्यांनी झाले. मात्र भिड्यांची रोजकीर्द माझ्या पाहण्यात एकदाही उघडली गेली नाही. यात नवल नाही. कथेत खर्चाची बाब सांगण्याची आपल्याकडे वहिवाटच नाही. आमच्या भातकुलीचेच पाहा: रुक्मिणीचे हरण झाल्यावर तिचा भाऊ रुक्मी कृष्णाकडून पराभूत झाला, हरून परतणार नाही या प्रतिज्ञेमुळे राजधानी कुंडिनपुरास परतू शकला नाही, आणि त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले, ते भोजकट म्हणजेच भातकुली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एका रागावलेल्या राजपुत्राने सबंध शहर उभारले, तरी त्याच्या विटांचे, मजुरीचे, धान्याचे पैसे कोणत्या खजिन्यातून आले, याची चौकशी आजवर एकाही कीर्तनकाराने केलेली नाही.

महसूल खात्यात अशा अदमासाची एक जुनी रीत आहे, तिला पूर्वी आणेवारी म्हणत आणि १९५७ साली दशमान नाणी आल्यावर हळूहळू पैसेवारी म्हणू लागले. गावाच्या प्रमाण उत्पादनाच्या तुलनेत यंदा पीक रुपयात किती पैसे आले, एवढाच तिचा अर्थ. आमच्या विभागात ती तीनदा ठरते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ, अशा सवलती लागू होतात. एक्कावन्न आली तर काही नाही. भिड्यांच्या बाबतीत मी हीच रीत वापरायचे ठरवले: संसाराला जेवढे लागते तो पूर्ण रुपया, आणि शिकवणीतून येते ते त्यातील पैसे.

नजरअंदाजात माझी पहिली अडचण छपराची झाली.

गोरेगावला माझा भाचा राहतो. त्याला फोन करून विचारले की, दोन निजण्याच्या खोल्या, बैठक आणि स्वयंपाकघर एवढी जागा किरायाने घ्यायची तर काय लागेल. तो म्हणाला, “मामा, पन्नास हजारांच्या खाली विचारूच नका.” विकत घ्यायची तर? दीड कोटी, तेही बऱ्यापैकी इमारतीत नाही, असे तो म्हणाला. मी हिशेब मांडला: दीड कोटींचे ऐंशी टक्के, म्हणजे एक कोटी वीस लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले तर दरमहा हप्ता एक लाख चार हजार रुपयांच्या घरात जातो, शिवाय सहा टक्के मुद्रांक शुल्काचे नऊ लाख वेगळे. शिकवणी घेणाऱ्या मास्तराला इतके कर्ज कोणती बँक देईल, आणि दिले तर त्या बँकेच्या व्यवस्थापकाला नोकरीवर कोण ठेवील?

अशा घरांचे कोडे परदेशातही लोकांना पडले आहे. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेत आचारीण असलेली मोनिका न्यूयॉर्कसारख्या शहरात ऐसपैस घरात कशी राहते, याचा खुलासा लेखकांना मालिकेतच करावा लागला: घर तिच्या आजीच्या नावे असून भाडेनियंत्रणाखाली आहे. ‘द सिम्प्सन्स’मधील होमरची पगारचिठ्ठी १९९६ सालच्या एका भागात दिसली, तिच्यावरील रक्कम आठवड्याला ४७९ डॉलर ६० सेंट, तेवढ्या तनख्यात बायको, तीन मुले, दुमजली घर आणि दोन मोटारी कशा पोसल्या जात, यावर तिकडच्या विद्वानांनी गंभीर लेख लिहिले. मुंबईतही १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीच्या घरांत कित्येक भिडे नाममात्र भाड्यात जगवले, आणि १९९९ च्या नव्या कायद्यानंतरही ती घरे सर्वस्वी गेली नाहीत. पण गोकुळधाम ही चाळ नसून सहकारी सोसायटी आहे, आणि माझ्या दफ्तरी मनाला पुरावा येथेच सापडला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सोसायटीच्या समितीवर सभासदच बसू शकतो. भिडे सेक्रेटरी आहेत, सबब ते सभासद आहेत, सबब घर त्यांच्या नावे आहे. कर्जाच्या हप्त्याने ते कधी कासावीस झालेले दिसत नाहीत, त्या अर्थी घर वडिलार्जित असावे, किंवा गोरेगावच्या त्या भागात अजून रान होते तेव्हा घेतलेले असावे. वर्षानुवर्षे जो पदवीचा मिजास म्हणून हसण्यावारी गेला, तो ‘एकमेव सेक्रेटरी’ हा शब्द वास्तविक त्या संसाराचा सात-बारा आहे.

यापूर्वी दूरदर्शनवर एक वागळे होऊन गेले. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून १९८८ साली आलेल्या ‘वागले की दुनिया’चे दिग्दर्शन कुंदन शहा यांचे, निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची, आणि अंजन श्रीवास्तव यांनी रंगवलेले श्रीनिवास वागळे हे खाजगी कचेरीतील कारकून. त्या काळी चौथ्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या कनिष्ठ कारकुनाची मूळ वेतनश्रेणी ९५० ते १५०० रुपये ठरवली होती. आज सातव्या आयोगात ती १९,९०० पासून सुरू होते. वागळ्यांची ओढाताण प्रेक्षकाला खरी वाटे, कारण त्यांचे उत्पन्न कोणत्या जातीचे आहे हे ठाऊक होते: पहिल्या तारखेला येणारे, ठरलेले, अपुरे. भिड्यांचे उत्पन्न शेतकऱ्यासारखे आहे. ते पोरांच्या परीक्षेवर आणि पालकांच्या लहरीवर पिकते.

आता खर्चाच्या बाबी. भाच्याने गोरेगावचे दर पाठवले, मी त्यांना भिड्यांच्या स्वभावाची कात्री लावली, आणि जो आकडा उरला तो वहीत उतरवला. सोसायटीच्या देखभालीचे चार हजार धरले. ते त्यांनी स्वतः महिन्याच्या पहिल्या दिवशी भरले असणार, नाहीतर जेठालालला बोलण्याचा अधिकार उरत नाही. किराणा आठ हजार, भाजी-फळे साडेचार हजार, रोज एक लिटर दुधाचे अठराशे. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांना झाली. महिन्याला एक धरली. विजेचे अडीच हजार, फोन आणि इंटरनेटचे दीड हजार. सोनूच्या कॉलेजचे, पुस्तकांचे, येण्याजाण्याचे वर्षाचे पैसे बारांत वाटले तर सहा हजार. औषधपाणी आणि आरोग्यविम्याचा हप्ता मिळून साडेतीन हजार. व्यवसाय कराचे वर्षाला अडीच हजार, म्हणजे महिन्याला दोनशे आणि काही.

सखारामपाशी मी जरा रेंगाळलो. मुंबईत पेट्रोल २०२५ साली लिटरला १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होते. दहा लिटर जाळले तर हजारावर जातात. पण तो किती वेळा बंद पडतो हे पाहता, आणि पंधरा वर्षांवरील वाहनाची फेरनोंदणी व पर्यावरण कर ध्यानात घेता, दुरुस्तीचे आणखी सात-आठशे धरल्याखेरीज गत्यंतर नाही. एकूण अठराशे. जेवढ्यात रोजचे दूध येते तेवढेच सखाराम पितो. भिड्यांच्या काटकसरीच्या तटबंदीला पडलेले हे एकमेव भगदाड आहे, आणि मला ते त्यांच्या साऱ्या सुविचारांपेक्षा प्रिय वाटते.

कपडे, पाहुणे आणि सण यांचे साडेचार हजार लिहिताना मात्र माझा हात अडखळला. गोकुळधामात गणपती, नवरात्र, होळी, दिवाळी, प्रजासत्ताक दिन, यांपैकी एकही दिवस विनावर्गणी जात नाही, आणि वर्गणी गोळा करणारे सेक्रेटरी स्वतः हात आखडता घेऊ शकत नाहीत. ही बाब मी कमीच धरली असावी.

बेरीज, किरकोळ रुपये सोडून, ३९,१५० रुपये. दरडोई १३,०५०.

बेरीज खरी की खोटी हे ताडून पाहण्याचे साधन एका जर्मन संख्याशास्त्रज्ञाने देऊन ठेवले आहे. अर्न्स्ट एंगेलने १८५७ साली बेल्जियममधील मजूर कुटुंबांचे जमाखर्च तपासून असा नियम मांडला की, कुटुंब जसजसे गरीब, तसतसा त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत तो वाटा खेड्यांत सत्तेचाळीस टक्के आणि शहरांत जेमतेम चाळीस टक्के निघाला. भिड्यांच्या वहीत गॅस वगळून अन्नाचे १४,३०० होतात. म्हणजे साडेछत्तीस टक्के. शहरी सरासरीहून थोडे सुखवस्तू, पण फार नव्हे. त्याच पाहणीत देशाचा दरडोई मासिक खर्च खेड्यात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये आला आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची जी मर्यादा मांडली, ती १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात दरमहा दरडोई पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस होती, म्हणजे शहर दीडपट. तो जगण्याचा किमान आकडा आणि हा सरासरीचा, तेव्हा दोहोंची थेट तुलना करणे शास्त्रशुद्ध नव्हे. तरी अंतर आज सुमारे एक पूर्णांक सात पट आहे. आणि या पाहणीत स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या घराचे काल्पनिक भाडे धरलेच जात नाही. भिड्यांचे पन्नास हजार सरकारलाही दिसत नाहीत.

जमेची बाजू. मालिकेत त्यांच्या बैठकीत एका वेळी आठ-दहा पोरे बसलेली दिसतात. दोन तुकड्या धरल्या तर वीस विद्यार्थी, प्रत्येकी दीड हजार, वर्षात दहा महिने. सुट्टीत कोण पैसे देतो? वर्षाचे तीन लाख, महिन्याचे पंचवीस हजार. आमच्या भातकुलीतही एक तरुण मास्तर तितकीच पोरे शिकवतो; त्याला प्रत्येकी चारशे मिळतात, तेही सोयाबीन विकल्यावर. त्याला मी भिड्यांचा दर सांगितला, तर तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “दादाजी, तिकडं खोलीचा किराया किती म्हणले तुमी?” मी सांगितला. तो पुन्हा पोरांना पाढे म्हणवू लागला.

३९,१५० आणि २५,००० यांत १४,१५० ची तूट राहते, आणि ती भरणारे त्या घरात एकच माणूस आहे. किलोमागे साठ रुपये सुटतात असे मानले, तर माधवीताईंना दरमहा २३६ किलो लोणचे-पापड विकले पाहिजेत, म्हणजे रोज सुमारे आठ किलो. हे शक्य आहे का, हे विचारण्यासाठी मी गावातील एका बचत गटाच्या बायांकडे गेलो. मुंबईतील सात जणींनी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत पापड सुरू केला, ही कथा त्यांना पाठ होती, कारण प्रत्येक प्रशिक्षणात ती सांगितली जाते. त्यांच्यातील मुख्य बाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, “आठ किलो? एकलीनं? पापडाचे त नाहीच होत भाऊ. अर्धं लोणचं असंन त होईन. पर मंग रांधते कोण? पोरीच्या कालेजात कोण जाते? अन् टीवीत त ते बाई कधी बसलेली दिसत नाही, साडीची घडी मोडत नाही तिच्या.” मी त्यांचे म्हणणे वहीत शब्दशः उतरवून घेतले. साडीची घडी हा पुरावा माझ्या ध्यानात आला नसता.

मालिकेच्या इतक्या वर्षांत हे घर सावकाराच्या दारात गेलेले मी पाहिलेले नाही; त्या अर्थी ती तूट रोज भरली जात आहे.

आता भातकुलीचा रुपया. आमचा हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा; विहिरीचे पाणी खारट, पिकाला चालत नाही, माणसाला तर मुळीच नाही, म्हणून शेती बहुतेक पावसावर. ज्यांच्या घरी मी मालिका पाहतो त्यांना पाच एकर आहे. एकरी चार क्विंटल कापूस धरला तर वीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत ७,७१० रुपये, म्हणून १,५४,२००. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, वेचणी यांत निम्मे जातात. उरले ७७,१००, म्हणजे महिन्याला सहा हजार चारशे पंचवीस. घर स्वतःचे, ज्वारी थोडी घरची, ओळींमधली तूर वरणापुरती. तरी त्यांच्या सांगण्याप्रमाणे संसाराला महिना बारा हजार लागतात, वर्षाचे १,४४,०००. पण ‘महिना’ हा शब्दच येथे उसना आहे. मुंबईच्या संसारात पैसा दरमहा जमेस पडतो, म्हणून खर्चही महिन्याने मोजता येतो. भातकुलीत तो दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत येतो आणि उरलेले वर्ष किराणावाल्याच्या खतावणीत असते. त्या घराची पैसेवारी चोपन्न आली. पन्नासच्या वर, सबब कोणतीही सवलत लागू नाही.

हे सर्व मी परवा आजीला वाचून दाखवले. एंगेल आणि सहकारी कायदा तिने सोसला, सखारामाच्या अठराशे रुपयांवर ती हसली, आणि वही मिटताना म्हणाली, “मंजे घर बायकोच्या पापडावर चालते, असं सरळ सांग नं. इतलं लिवाचं काय काम होतं?”

वहीतील शेवटची नोंद अशी आहे. मौजे गोकुळधाम, खातेदार आत्माराम तुकाराम भिडे. नजरअंदाज पैसेवारी, घर किरायाचे समजून व देखभाल मालकाकडे धरून: २९. सुधारित पैसेवारी, मालकी सिद्ध झाल्यावर: ६४. अंतिम पैसेवारी, लोणची-पापडांसह: १००. शेरा: शेवटचे छत्तीस पैसे ज्यांच्या कष्टाचे आहेत, त्यांचे नाव खातेदाराच्या रकान्यात दाखल नाही.